ताट, ताण आणि स्मृतिभ्रंश

स्मरणशक्ती, भाषा, दिशा-काळाचे भान आणि निर्णय घेण्याची क्षमता हळूहळू खालावत जाते आणि एका टप्प्यावर माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येईनासे होतात. या अवस्थेला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. तिच्यामागे अनेक आजार असू शकतात. त्यांत सर्वाधिक आढळणारा अल्झायमर. एकूण रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्के रुग्ण त्याचे असतात. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे येणारा स्मृतिभ्रंश आहे. उतारवयातल्या रुग्णांच्या मेंदूत हे दोन्ही बदल अनेकदा एकत्रच सापडतात. आहार आणि ताण यांचा विचार करताना ही गोष्ट कळीची ठरते, कारण जेवणातले जास्तीचे मीठ किंवा वर्षानुवर्षांची काळजी मेंदूपर्यंत पोहोचते ती बहुतांशी रक्तदाब, साखर, झोप आणि रक्तवाहिन्या यांच्याच वाटेने.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने दिला. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हा विषय संपवला जातो. ते दोन कारणांनी चूक आहे. साठी ओलांडलेल्या बहुसंख्य माणसांना स्मृतिभ्रंश होत नाही; नाव पटकन न आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हे वयाबरोबर येतेच. दुसरे असे, की ज्यांना अल्झायमर होतो त्यांच्या मेंदूत चिकट प्रथिनाचे थर साचू लागतात ते पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. सत्तरीत निदान झालेल्या माणसाचा आजार पन्नाशीतच सुरू झालेला असतो. त्यामुळे या लेखातल्या बहुतेक सूचना ज्येष्ठांपेक्षा चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना अधिक लागू आहेत.

किती टाळता येतो?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके मांडले. कमी शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोषावर उपचार न होणे, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, डोक्याला झालेली इजा, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण. हे सगळे धोके पूर्णपणे दूर झाले, तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. हा आकडा संपूर्ण समाजासाठीचा आहे. एखाद्याने व्यायाम सुरू केला म्हणून त्याचा धोका निम्म्यावर येतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

या यादीत आहार आणि ताण ही नावे स्वतंत्रपणे नाहीत, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. ती का नाहीत? आहाराचा परिणाम मोजणे फार अवघड असते. माणसे काय खाल्ले ते नीट सांगत नाहीत, वीस वर्षे एकच आहार कोणी पाळत नाही आणि जो पालेभाज्या खातो तो बहुधा चालायलाही जातो व सिगारेट ओढत नाही. मग फायदा नेमका कशाचा झाला? ताणाचेही तेच. मात्र यादीतले रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा हे चारही धोके ताटातून जातात. नैराश्य, मद्यपान आणि एकटेपणा यांचे ताणाशी जवळचे नाते आहे. नाव नसले तरी पाळेमुळे आहेत.

आहाराबाबत चाचण्या काय सांगतात?

भूमध्य सागराभोवतीच्या देशांतला पारंपरिक आहार म्हणजे भाज्या, कडधान्ये, पूर्ण धान्य, मासे, ऑलिव्ह तेल आणि अगदी थोडे मांस. तो हृदयाला चांगला, हे बऱ्यापैकी पक्के आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी त्यात मेंदूच्या दृष्टीने काही बदल करून ‘माइंड’ नावाचा आहार आखला. तो काटेकोर पाळणाऱ्या ज्येष्ठांमध्ये अल्झायमरचे प्रमाण निम्म्याने कमी आढळले, असे २०१५ च्या त्यांच्या निरीक्षणातून दिसले आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. त्यानंतर खरी कसोटी झाली. स्थूल आणि घराण्यात स्मृतिभ्रंश असलेल्या ६०४ जणांचे दोन गट करून एका गटाला ‘माइंड’ आहार व दुसऱ्याला नेहमीचाच आहार थोडा कमी खायला सांगून तीन वर्षे पाहिले. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांच्या बौद्धिक चाचण्यांत लक्षणीय फरक नव्हता. या निकालाच्या बातम्या मात्र फारशा झाल्या नाहीत.

याचा अर्थ आहार निरुपयोगी आहे असा घेण्याचे कारण नाही. पंधरा-वीस वर्षे मुरणाऱ्या आजाराला तीन वर्षांची चाचणी तोकडी पडते, आणि त्या चाचणीत दोन्ही गटांनी वजनही घटवले होते. तरीही एक निष्कर्ष निघतो. केवळ ताट बदलून थोड्या काळात मेंदूवर मोठा परिणाम होईल, अशी अपेक्षा धरू नये.

फिनलंडमधल्या ‘फिंगर’ चाचणीचे चित्र थोडे वेगळे आहे. साठ ते सत्याहत्तर वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहाराचा सल्ला, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉल यांवर बारीक लक्ष असे सगळे एकत्र दिले; उरलेल्यांना आरोग्याचा नेहमीचा सल्ला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पहिल्या गटाच्या बौद्धिक गुणांत २५ टक्के अधिक सुधारणा दिसली. त्यात आहाराचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. काढण्याची फारशी गरजही नाही, कारण सामान्य माणसाने करायचे आहे ते सगळे एकत्रच.

मराठी घरातले ताट

ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी यांवाचून मेंदू राखता येत नाही, असा समज मॉलमधल्या फडताळांनी पसरवला आहे. परदेशी चाचण्यांत ते पदार्थ आहेत, कारण ते तिथे पिकतात आणि मिळतात. जांभूळ, करवंद, आवळा यांची अशी चाचणी झालेली नाही, म्हणून त्यांच्या नावाने दावे करणेही योग्य नाही. पण त्या आहाराचा सांगाडा इथल्या स्वयंपाकघरात उभा करता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मांस, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. मराठी ताटाशी हे ताडून पाहिले की उणीव लगेच दिसते. आपल्याकडे पोळी आणि भात मिळून ताटाचा मोठा भाग व्यापतात, भाजी डाव्या-उजव्या कोपऱ्यात चवीपुरती असते आणि आमटी पातळ असते.

म्हणून पहिला बदल प्रमाणाचा. तीन पोळ्या आणि वर भात यांऐवजी दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ आणि दोन वाट्या भाजी. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, आळू यांपैकी एखादी पालेभाजी आठवड्यातून पाच-सहा दिवस असावी. ज्वारी-बाजरी-नाचणीने साखर वाढतच नाही, हा समज मात्र खोटा आहे. मधुमेही माणसाने भाकरीही मोजूनच खावी. जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी ही चांगली मेदाम्ले मिळवण्याची स्वस्त सोय आहे. मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली हे ओमेगा-३ ने भरलेले मासे पापलेट-सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. ते तळण्याऐवजी कालवणात घातलेले बरे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा यांनी साखर जेवढी उसळते तेवढी रोजच्या जेवणानेही उसळत नाही. भगर, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी हा उपवास त्यामानाने सौम्य आहे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र मिठाकडे द्यावे. आहारातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटांपैकी रक्तदाबाची वाट सर्वांत चांगली अभ्यासलेली आहे. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी ज्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले, त्यांच्यात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १४० चे लक्ष्य ठेवलेल्यांपेक्षा सुमारे १९ टक्के कमी आढळले. हे औषधांनी साधले होते; पण मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो आणि गोळ्याही अधिक चांगल्या लागू पडतात, याबद्दल वाद नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ. स्वतःच्या घरातला अंदाज घेण्याची सोपी रीत आहे. मिठाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहून ठेवावी. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचे आठ ग्रॅमहून अधिक मीठ झाले, आणि त्यात बाहेरून आलेले लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स, खारी, टोस्ट, वडापावची चटणी, हॉटेलातली भाजी यांतले मीठ अजून धरलेलेच नाही. (लोणची-पापडांच्या उन्हाळी हंगामात हा हिशेब चुकेल, हे उघड आहे.) मीठ एकदम अर्धे केले की घरात बंड होते. दर आठवड्याला थोडे कमी करत गेले तर महिन्या-दीड महिन्यात जीभ जुळवून घेते. कणकेत मीठ न घालणे, ताटात डाव्या बाजूला मीठ न वाढणे, भातावर वरून मीठ न टाकणे, लोणच्याऐवजी लिंबू किंवा कोशिंबीर वाढणे, हे बदल कोणाच्या फारसे लक्षातही येत नाहीत. सैंधव मीठ चालते, असे पुष्कळ जण मानतात. त्यातही सोडियम जवळपास तेवढेच असते. पोटॅशियमयुक्त कमी-सोडियम मीठ रक्तदाबाला खरोखर उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

याची उलट बाजूही सांगायला हवी. ऐंशीच्या घरातली माणसे कधीकधी मीठ पूर्ण सोडतात, वर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असते. अशा वेळी रक्तातले सोडियम घसरते आणि माणूस दोन-चार दिवसांत गोंधळल्यासारखा, असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते स्मृतिभ्रंश झाला. ही तातडीने रक्त तपासून दुरुस्त होणारी गोष्ट आहे.

तेलाचा हिशेब छोटा आहे. माणशी महिन्याला पाऊण ते एक लिटर पुरे. शेंगदाणा, करडई, मोहरी यांपैकी कोणतेही चालेल. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

बी-१२ ची गोष्ट

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना बी-१२ जीवनसत्त्वाला वेगळी जागा द्यावी लागते. ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहूनही अधिक जणांमध्ये. घरात दूध-दही भरपूर असूनही ही कमतरता निघते, कारण शाकाहारी माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी चहातले दूध आणि एखादी वाटी पातळ ताक एवढेच येते.

बी-१२ ची तीव्र कमतरता स्वतःच विसरभोळेपणा, उदासी, पायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणे अशी लक्षणे आणते. ती वेळेवर भरून काढली तर बहुतांशी सुधारते. त्यामुळे विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक शाकाहारी माणसाचे बी-१२ तपासलेच पाहिजे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी घेणारे यांच्यातही ते घटते, मग ते मांसाहारी का असेनात. कमतरता असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावीत. नसेल तर घेऊन स्मरणशक्ती वाढत नाही.

हीच गोष्ट बाजारातल्या इतर डब्यांची. स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी बी किंवा ई जीवनसत्त्वे, ओमेगा-३ च्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन यांची शिफारस करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले. गिंको या वनस्पतीचा अर्क अमेरिकेत तीन हजारांवर ज्येष्ठांना कित्येक वर्षे देऊन पाहिला. २००८ मध्ये निकाल लागला, स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते. भाजीत हळद जरूर घालावी, पण तिच्या कॅप्सूलवर महिन्याला हजार रुपये घालवण्याआधी त्याच पैशांत रक्तदाब मोजण्याचे घरगुती यंत्र येते, हे लक्षात घ्यावे. बदाम चांगले आहेत, शेंगदाणेही चांगले आहेत. भिजवून, सोलून दिलेल्या चार बदामांनी परीक्षेतले गुण वाढत नाहीत आणि आजोबांचा आजारही थांबत नाही.

ताण मेंदूचे काय करतो?

थोड्या वेळाचा ताण हानिकारक नसतो. रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात, साखर व रक्तदाब चढतो, माणूस बाजूला उडी मारतो आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. कर्ज, कोर्टकचेरी, नोकरीतली टांगती तलवार, घरातले कायमचे भांडण, शेतीतली सततची अनिश्चितता यांत हे पूर्ववत होणे घडत नाही. कॉर्टिसोल वाढलेले राहते. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग कॉर्टिसोलला फार संवेदनशील आहे. दीर्घकाळच्या ताणाने तिथल्या पेशींच्या शाखा आखडतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत अनेकदा दिसले आहे. अल्झायमर प्रथम घाला घालतो तोही बहुधा याच भागावर.

माणसांवरचा पुरावा निरीक्षणांचा आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात सुमारे चौदाशे महिलांना १९६८ पासून ठराविक वर्षांच्या अंतराने ताणाबद्दल विचारण्यात आले आणि पस्तीस वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. मध्यमवयात पुन्हा पुन्हा ताण असल्याचे सांगणाऱ्या महिलांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. एकदाच सांगणाऱ्यांमध्ये फरक किरकोळ होता. युद्धाच्या आघाताचा मानसिक विकार जडलेल्या अमेरिकी माजी सैनिकांमध्ये धोका सुमारे दुप्पट आढळला. या पुराव्याला एक मर्यादा आहे. उदासी, चिडचिड, घाबरटपणा ही स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची लक्षणेही असू शकतात. म्हणजे कधीकधी ताणामुळे आजार आला असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात आजारामुळे ताण आलेला असतो. साठीनंतर प्रथमच नैराश्य आले तर म्हणूनच ते अधिक गांभीर्याने तपासावे.

ताणाचा आडवाटेने होणारा परिणाम मात्र निःसंशय आहे. ताणातला माणूस तंबाखू-मिसरी, सिगारेट किंवा दारूकडे वळतो, रात्री उशिरा तळकट-गोड खातो, चालणे सोडतो, माणसांत जायचे टाळतो आणि झोपत नाही. ‘लॅन्सेट’च्या यादीतले निम्मे धोके या एका वाक्यात येऊन जातात.

झोपेबद्दल ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने २०२१ मध्ये दिलेली माहिती बोलकी आहे. सुमारे आठ हजार जणांमध्ये पन्नाशीपासून सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना सात तास झोपणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त होता. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांवर आणणे, संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी टाळणे, उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही एकच ठेवणे, निजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे एवढ्याने पुष्कळांची झोप सुधारते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाची झोप-तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी आठ वर्षे चालू ठेवणे घातक आहे. वृद्धांमध्ये तिने पडण्याचा आणि गोंधळण्याचा धोका वाढतो. मात्र ती अचानक बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत न्यावी.

ध्यान, प्राणायाम, योगासने यांनी मन शांत होते, झोप सुधारते. ज्यांना ते रुचते त्यांनी करावे. त्यांनी स्मरणशक्ती वाढते, हा दावा मात्र कसोटीला उतरलेला नाही. अमेरिकेत ५८५ ज्येष्ठांवर ध्यान आणि व्यायाम यांची चाचणी झाली. सहा महिन्यांनी स्मरणाच्या चाचण्यांत फरक पडला नव्हता, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. खरे तर ताणाचे कारण बाहेर असेल तर नुसते डोळे मिटून ते जात नाही. कर्जाची पुनर्रचना, वाटणीचा तंटा मिटवणे, पाळ्या बदलून घेणे, घरकामात मुलांना-पुरुषांना हात लावायला लावणे ही सुद्धा ताण कमी करण्याचीच साधने आहेत, आणि पुष्कळदा अधिक परिणामकारक. एकटेपणावर ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, हास्यक्लब, भिशी, ग्रंथालय यांपैकी जे जवळ असेल ते धरावे. कानांनी ऐकू येत नसेल तर माणूस अशा ठिकाणी जाणे टाळतो. म्हणून पन्नाशीनंतर श्रवण तपासून गरज असेल तर यंत्र लावण्यात कमीपणा मानू नये.

सांभाळणाऱ्यांचा ताण

स्मृतिभ्रंशाच्या घरात दोन माणसांचा मेंदू पणाला लागलेला असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात सुमारे बाराशे वृद्ध जोडप्यांच्या पाहणीत जोडीदाराला स्मृतिभ्रंश असलेल्यांना स्वतःला तो होण्याचा धोका सुमारे सहापट दिसला. एकच आहार आणि एकच राहणी हेही त्यामागे असू शकते, पण सांभाळण्याचा ताण हे संभाव्य कारण दुर्लक्षिण्यासारखे नाही.

आपल्याकडे हा भार बायको, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. ‘‘जेवण झालं का?’’ हा एकच प्रश्न जेवून उठल्यावर पाच मिनिटांनी येतो, परत येतो, आणि ‘‘आत्ताच तर वाढलं ना!’’ म्हणून काही उपयोग नसतो, कारण ते उत्तर साठवलेच जात नाही. वाद घालण्यापेक्षा ‘‘हो, वाढतेच आता’’ म्हणून हातात एखादे फळ द्यावे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास घालमेल वाढते, ‘‘मला घरी जायचंय’’ सुरू होते. तेव्हा खोलीत भरपूर उजेड ठेवावा आणि टीव्हीचा आवाज बंद करावा. रात्रीचे जागरण एकाच माणसावर कायम पडू देऊ नये. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांनी केवळ पैसे न पाठवता वर्षातले काही आठवडे प्रत्यक्ष येऊन पाळी घ्यावी, ही मागणी मोकळेपणाने करावी. सांभाळणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब, साखर आणि झोप यांची विचारपूस रुग्णाच्या प्रत्येक भेटीत डॉक्टरांकडे व्हावी. १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा कुटुंबांना मार्गदर्शन करतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा स्वयंपाक करताना टप्पे गाळणे, बँकेचे व्यवहार एकाएकी जमेनासे होणे, स्वभावात अचानक फरक, किंवा प्रयत्न न करता उतरलेले वजन ही चिन्हे दिसली की वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. वजनाचे विशेष. मध्यमवयातला लठ्ठपणा धोका वाढवतो, तर उतारवयात आपोआप घटणारे वजन आजाराची चाहूल असू शकते. म्हणून सत्तरीपुढच्या माणसाला ‘मेंदूसाठी’ म्हणून कडक पथ्यावर ठेवणे चूक आहे. त्याला दूध, अंडी, डाळी यांतून पुरेशी प्रथिने मिळायला हवीत.

तपासणीत बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार मेंदूचा स्कॅन असतो. पडल्यानंतर काही आठवड्यांनी आलेला गोंधळ मेंदूभोवती साचलेल्या रक्तामुळे असू शकतो. तोही उपचाराने बरा होतो. जाताना चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत; त्यांत आयुर्वेदिक चूर्णे, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि शेजाऱ्याने सुचवलेले टॉनिकही असावे, कारण विसरण्याचे कारण कधीकधी त्या पिशवीतच सापडते. रुग्णाबरोबर त्याच्याजवळ रोज राहणारी व्यक्ती असावी, आणि काय बदलले, साधारण केव्हापासून, हे तिने आधी कागदावर लिहून आणलेले असावे.